आईच्या गुडघ्यातलं इंजेक्शन, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आई ६४ वर्षांची, शुगर दहा वर्षांपासून. दोन्ही गुडघे दुखायचे पण उजवा जास्त, जिना उतरताना कठडा धरून तिरकी होऊन एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची, मांडी घालून बसणं तर दोन वर्षांपूर्वीच सुटलं. एक्स-रेत गुडघ्याची झीज ग्रेड ३ आली. ही ० ते ४ अशी मोजतात, ४ म्हणजे गादी जवळपास संपलेली, हाडाला हाड लागतंय.

जूनमध्ये उजव्या गुडघ्यात स्टिरॉइड घेतलं, ट्रायमसिनोलोन ४० एमजी. ओपीडीतच झालं. गुडघ्यात पाणी झालं होतं ते आधी काढलं, साधारण २५ एमएल, पिवळसर आणि तेलासारखं चिकट, मग सुई तशीच ठेवून नुसती सिरिंज बदलली आणि दुधासारखं पांढरं औषध आत सोडलं. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता पण दोन मिनिटांत संपलं. संध्याकाळपर्यंत एकदम हलकं वाटत होतं, ते बधिर करायच्या औषधामुळे असतं, रात्री ठणका लागला आणि दुसऱ्या दिवशी गुडघा जास्तच सुजला. बर्फाने शेकलं. चौथ्या दिवसापासून मात्र खरंच फरक पडला, आई भाजी आणायला एकटी गेली, मला विश्वासच बसेना.

आता महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहिते. स्टिरॉइडने शुगर वाढते आणि आम्हाला हे आधी कुणीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईला सारखी तहान लागायला लागली म्हणून घरच्या मशीनवर बघितलं तर जेवणानंतरची २९०, एरवी १८० च्या वर जात नाही. फॅमिली डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी तात्पुरती वाढवली, आठवड्याभरात खाली आली. पण ते दोन दिवस मी घाबरून गेले होते, मधुमेही माणसाला सुई टोचायच्या आधी हे सांगायलाच हवं ना? तुमच्या घरी शुगर असेल तर आधी विचारा आणि पहिला आठवडा रोज तपासा.

फरक टिकला दहा आठवडे. सप्टेंबरात दुखणं परत, आई म्हणाली तेच इंजेक्शन पुन्हा द्या, पण दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं सारखं सारखं घ्यायचं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, १४० जणांवर, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असं दोन वर्षं, काहींना स्टिरॉइड आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी, त्यात स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा, म्हणजे तीच गादी, जास्त झिजली आणि दुखण्यात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फार फरक नव्हता. हे वाचल्यावर मी पण आग्रह सोडला.

ऑक्टोबरात जेलचं, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडचं घेतलं, ज्याला लोक वंगणाचं इंजेक्शन म्हणतात. एकच डोस, सगळे मिळून १४ हजार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की सगळ्यांना गुण येतोच असं नाही. शुगरचा काही त्रास झाला नाही, पण फरक थोडाच, तोही महिन्याभराने, आणि इतक्या पैशांत पुन्हा घेईन असं मला वाटत नाही. पीआरपीचंही विचारलं होतं, आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात सोडतात, पण अजून महाग म्हणून घेतलं नाही.

माझ्या मते आईला खरा फायदा झाला तो व्यायामाने, आणि व्यायाम करता आला तो इंजेक्शनने दुखणं दबलं होतं म्हणून. आधी पाय उचलायलाच तयार नव्हती. त्या दहा आठवड्यांत फिजिओने मांडीचे स्नायू तयार करून घेतले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा आकडे म्हणेपर्यंत धरायची, सकाळ-संध्याकाळ वीस वेळा. वजन ७२ वरून ६८ झालं. आता फेब्रुवारीत जिना उतरताना कठडा लागतो पण सरळ उतरते, खाली बसणं अजून नाही. ऑपरेशनचं उन्हाळ्यानंतर बघू म्हणालेत, आणि इंजेक्शननंतर निदान तीन महिने तरी सांधा बदलत नाहीत, जंतुसंसर्गाची भीती असते म्हणून, त्यामुळे आता मध्ये कुठलीच सुई घेणार नाही.