वासाचे इंग्रजी शब्द शिकवणारी कार्यशाळा: माझा अनुभव

माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, गोडा आणि मालवणी. भाचीच्या ओळखीतून काही पाकिटं मेलबर्नलाही जातात. पहिल्या लेबलवर मी हौसेनं ‘स्ट्राँग स्मेल’ छापून घेतलं होतं. भाचीचा लगेच फोन आला, “मावशी, ते आधी बदल. इथं वाचणाऱ्याला वाटेल मसाला खराब झालाय.” त्यामुळे कोथरूडला वासाच्या इंग्रजी शब्दांची कार्यशाळा आहे असं कळताच मी नाव घातलं. चार शनिवार, दोन-दोन तास, फी १,८०० रुपये.

पहिल्या दिवशी बाईंनी वही उघडूच दिली नाही. झाकलेल्या वाट्या फिरवल्या. जुनं शेंगदाणा तेल, पावसात न वाळलेलं फडकं, करपलेलं दूध, भाजलेले तीळ. आधी मराठी शब्द सांगायचा, मग त्या इंग्रजी देणार. खवट म्हणजे ‘रॅन्सिड’, कुबट म्हणजे ‘मस्टी’, करपटाला ‘बर्न्ट’, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या धुराला ‘ॲक्रिड’. वास नाकात असतानाच शब्द कानावर पडला की तो विसरत नाही. मिरचीच्या ठसक्याला ‘पंजंट’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी टोचणं आहे, हे ऐकल्यावर तर मला ते पटलंच.

माझ्या लेबलचं कोडंही तिथेच सुटलं. इंग्रजीत ‘इट स्मेल्स’ एवढंच म्हटलं की घाण वास येतोय असाच अर्थ होतो. आपल्याकडेही “भाजीला वास येतोय” म्हटलं की कुणी ती ताटात घेत नाही. चांगला असेल तर सुवास म्हणावं लागतं. खाण्याच्या पदार्थाला ‘अरोमा’, फुलांना आणि अत्तराला ‘फ्रेग्रन्स’. ऑस्ट्रेलियात ‘ऑन द नोज’ म्हणजे वास मारणारं, हेही माझ्या फार उपयोगाचं निघालं.

तिसरा शनिवार वाक्प्रचारांचा. ‘स्मेल अ रॅट’ म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय असा संशय येणं. ‘फिशी’ म्हणजे संशयास्पद. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, मी तिथल्या तिथे हरकत घेतली: ताज्या मासळीला समुद्राचा वास असतो, वशट वास शिळीला येतो. बाईंनी ते मान्य केलं आणि कारणही सांगितलं. समुद्रातली मासळी शिळी होताना तिच्यात ट्रायमिथिलअमाइन तयार होतं, तो वास त्याचा. पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तर मातीचा हाच गंध चंदनाच्या तेलात उतरवून अत्तर करतात. बाईंनी त्याची छोटी कुपी आणली होती. झाकण उघडलं आणि मला आमचं वेंगुर्ल्याचं खळं दिसलं.

दोन गोष्टी खटकल्या. एसीसाठी खिडक्या बंद, त्यामुळे तासाभरात सगळे वास एकमेकांत मिसळून शेवटच्या वाट्या ओळखू येईनात. आणि वाक्प्रचार एकाच दिवसात उरकले. ‘वेक अप अँड स्मेल द कॉफी’ म्हणजे ‘आता तरी डोळे उघड’; हे म्हणताना समोरच्याला झोंबू शकतं, ते कुणाला म्हणावं आणि कुणाला नाही, यावर बोलायला वेळच उरला नाही. त्याला आणखी एक शनिवार हवा.

‘खमंग’ला बाईंकडेही एक शब्द नव्हता. ‘टोस्टेड’ म्हटलं तर भाजल्याचं कळतं, ‘नटी’ म्हटलं तर तिळा-खोबऱ्याचं. तोंडाला पाणी सुटल्याचं कशातच येत नाही. खूप खटपट करून त्यांनी सरळ सांगितलं, तुमचाच शब्द ठेवा. नव्या लेबलवर मी खमंग हाच शब्द इंग्रजी अक्षरांत मोठा छापलाय. खाली बारीक अक्षरांत ‘नटी’, आणि दगडफुलासाठी ‘अर्दी’, म्हणजे मातीसारखा.

खाद्यपदार्थ, साबण, उदबत्ती विकणाऱ्यांनी जरूर जावं. सर्दी झाली असेल तर मात्र पुढच्या बॅचला नाव घाला.