ऑक्टाव्हिया व्हीआरएस की मस्टँग? गोव्याच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

पावसाळ्यात बोरीच्या पुलाकडून फोंड्याला येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडीचे पुढचे डावे चाक आपटले आणि दुसऱ्या दिवशी त्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला. टायरच्या दुकानात गेल्यावर चारही टायर बदलावे लागतील, असे सांगण्यात आले. त्या मागणीशी झालेल्या वादामुळेच हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला, कारण परफॉर्मन्स सेडान घ्यावी की स्पोर्टी कूपे (दोन दारांची गाडी), या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर इंजिनापेक्षा टायरनेच अधिक स्पष्ट दिले.

निवड दोन जुन्या गाड्यांमध्ये होती. एक 2016 मध्ये भारतात आलेली फोर्ड मस्टँग जीटी, 5 लिटर व्ही8 (आठ सिलिंडरचे) इंजिन, मागच्या चाकांवर चालणारी. दुसरी 2020 मध्ये केवळ 200 नग आयात झालेली स्कोडा ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती व्हीआरएस 245, 2 लिटर टर्बो, पुढच्या चाकांवर चालणारी. नवी असताना पहिलीची किंमत सुमारे 65 लाख आणि दुसरीची सुमारे 36 लाख होती, आणि हा फरक जुन्या बाजारातही बराच टिकून आहे. मन मस्टँगकडे ओढत होते, हिशेब ऑक्टाव्हियाकडे, आणि मी हिशेबाचे ऐकले.

पहिले काही आठवडे व्ही8 च्या आवाजाची उणीव खरोखर जाणवली. ऑक्टाव्हियाचे इंजिन ताकदवान आहे, 370 न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) खालच्या आरपीएमपासूनच मिळतो, परंतु पणजीच्या अटल सेतूवर काच खाली करून ऐकत राहावे असे त्यात काही नाही. हे मत चोर्ला घाटात बदलले. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग म्हणजे डिफरन्शियल; या गाडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, जे वळणात आतल्या चाकाऐवजी बाहेरच्या चाकाकडे अधिक टॉर्क पाठवते, आणि त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी बाहेर ढकलली न जाता आत ओढली जाते. ओल्या रस्त्यावर, डोंगरावरून वाहून आलेल्या तांबड्या मातीवर, हा गुण आवाजाहून कितीतरी मोलाचा ठरला. मागच्या चाकांवर 400 अश्वशक्तीच्या आसपास ताकद टाकणारी कूपे मी जून ते सप्टेंबर या काळात रोज बाहेर काढली असती, असे मला आज वाटत नाही.

आता टायरविषयी, कारण या गाडीत मला सर्वाधिक खटकणारी गोष्ट तीच आहे. व्हीआरएसच्या 18 इंची चाकांवर 225/40 आकाराचा टायर येतो. याचा अर्थ टायरची रुंदी 225 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 40 टक्के, म्हणजे फक्त 90 मिलिमीटर. खड्ड्याची कड आणि चाकाची रिम यांच्यामध्ये एवढी पातळ भिंत चिमटली गेली की आतले धागे तुटतात, आणि मग त्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. तळव्याचे पंक्चर दुरुस्त होते, फुग्याची दुरुस्ती होत नाही, आणि तो टायर महामार्गावर चालवणे धोक्याचे आहे. आपल्याकडे पावसात रस्त्याच्या कडा वाहून जातात आणि पाण्यामुळे खड्ड्याची खोली कळत नाही, त्यामुळे या आकाराचा टायर गोव्यात वापरणे म्हणजे दर पावसाळ्याला ही भीती बाळगणे होय. टायरमधील हवा कमी असेल तर चिमटण्याची शक्यता वाढते, म्हणून पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला दाब टायर थंड असतानाच तपासावा, हे मी आता नियमाने करतो.

दुकानदाराचे म्हणणे होते की लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असलेल्या गाडीत चारही टायर सारखेच हवेत. हे अर्धे खरे आहे. एकाच ॲक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीवर) एक नवा आणि एक झिजलेला टायर बसवला तर दोघांचा व्यास वेगळा पडतो आणि डिफरन्शियलला सतत फरक भरून काढावा लागतो, हे मान्य. परंतु हे डिफरन्शियल फक्त पुढच्या ॲक्सलवर आहे; गाडी चारचाकी ड्राइव्हची नाही. त्यामुळे पुढे एक जोडी सारखी आणि मागे एक जोडी सारखी असणे पुरेसे आहे. मी दोनच टायर घेतले, तेही मागे बसवायला सांगितले, आणि मागची जुनी, एकसारखी झिजलेली जोडी पुढे आणली. नवे टायर पुढे न बसवता मागे का, यावरही वाद झाला. पावसात मागची पकड सुटली तर गाडी फिरते आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही, म्हणून चांगली जोडी मागे असावी, ही शिफारस टायर बनवणारेच करतात. अनेक कूपे गाड्यांमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे अशी अदलाबदल शक्यच नसते. चारही टायर एकाच मापाचे असण्याने माझे दोन टायरचे पैसे वाचले, आणि ही बाब कोणत्याही परीक्षणात मला वाचायला मिळाली नव्हती.

मागच्या आसनाबद्दल थोडक्यात. आईचे गुडघे दुखतात. चवथीला मूळ घरी जाताना तिला मागच्या दारातून सहज बसता येते, आणि काचेसह उघडणाऱ्या मागच्या झाकणाखालील 590 लिटरच्या डिकीत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सारे सामान मावते. मस्टँगमध्ये पुढचे आसन वाकवून तिला मागे बसवणे अशक्यच होते. सुरक्षेचा मुद्दाही आहे: युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचणीत जानेवारी 2017 मध्ये मस्टँगला 5 पैकी 2 तारे आणि सुधारणांनंतर त्याच वर्षी 3 तारे मिळाले, तर या पिढीच्या ऑक्टाव्हियाला 2013 मध्येच 5 मिळाले होते. एकट्याने किंवा दोघांनी फिरणाऱ्यांनी कूपे जरूर घ्यावी. कुटुंबाची एकच गाडी असेल तर मी तिचे नाव सुचवणार नाही.

खर्चाचे म्हणाल तर गाडी पूर्ण बांधून आयात झालेली असल्यामुळे फक्त व्हीआरएससाठी असलेले सुटे भाग महाग आहेत, पण नेहमीच्या सर्व्हिसला लागणाऱ्या बऱ्याच वस्तू साध्या ऑक्टाव्हियाच्याही चालतात. पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असले तरी पणजीच्या वाहतुकीत टर्बो इंजिन ते भरपूर पिते.

जुनी व्हीआरएस पाहायला जाणाऱ्यांनी इंजिनाआधी चारही टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवावा. आतल्या बाजूचा फुगा बाहेरून दिसत नाही. टायरवरील DOT क्रमांकाचे शेवटचे चार अंकही वाचावेत, त्यांवरून टायर कधी बनला ते कळते: 1423 म्हणजे 2023 चा 14 वा आठवडा. पुढच्या वेळी मी 17 इंची चाकांवर 225/45 टायर बसवण्याचा विचार करीत आहे, कारण एकूण व्यास जवळजवळ तोच राहून भिंत 101 मिलिमीटरची होते. मात्र पुढच्या मोठ्या ब्रेकवर ते चाक बसते की नाही, हे एक चाक प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय मी पैसे मोजणार नाही.