विवाहपूर्व करार: दोघांत एक वकील की दोन?

एकच वकील घेतला तर फी वाचते, मसुदाही लवकर होतो. पण तो वकील नक्की कोणाचा? बहुधा ज्याने फी भरली त्याचा. पुढे वाद वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात गेला, की दुसरी बाजू 'मला नीट समजावलंच नाही, दबाव होता' म्हणते आणि करार कायदा, 1872 चे कलम 16 (अनुचित प्रभाव, म्हणजे वरचढ स्थितीचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती) पुढे येते. शिवाय दोघांना सल्ला दिलेला वकील तेव्हा कोणा एकाच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

दोन वकिलांत खर्च साधारण दुप्पट. मात्र फ्लॅट, कर्जे, दागिने यांच्या याद्या दोन्हीकडून तपासल्या जातात, आणि प्रत्येकाने स्वतंत्र सल्ला घेतल्याची नोंद करारात करता येते. सह्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात नकोत. हॉल ठरून पत्रिका वाटल्यावर कोण नाही म्हणणार?

अर्थात, दोन वकील असूनही हिंदू विवाहात असा करार न्यायालय मानेलच असे नाही. त्याच कायद्याच्या कलम 23 खाली तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून रद्दबातल ठरू शकतो. पोटगी सोडून देण्याची अट तर टिकतच नाही. नुसती दागिन्यांची यादी हवी असेल तर एक पुरे. फ्लॅट किंवा धंदा असेल, तर दोनच.