पेट्रोग्लिफ्स पार्क, ऑन्टॅरिओ: फोटो काढू देत नाहीत, तरी जाच

आईबाबा राजापूरहून आलेत, दरवेळी काय तोच नायगरा, म्हणून यंदा टोरांटोहून गाडी काढली आणि पीटरबरोच्या पुढे वुडव्यूजवळच्या पेट्रोग्लिफ्स (म्हणजे कातळशिल्पं) प्रोव्हिन्शियल पार्कला गेलो. बाबा वाटभर कुरकुरत होते, "अरे आपल्या कोकणात उघड्या कातळाच्या सड्यावर फुकट कातळशिल्पं आहेत, इथे कशाला पैसे भरतोयस." (गाडीचा दिवसाचा पास घ्यावा लागतो.)

तर शिल्पं म्हणजे एकच मोठा पांढरट, संगमरवरासारखा चुनखडीचा कातळ आणि त्यावर 900 च्या आसपास आकृत्या, कासवं, साप, पक्षी, होड्या, एकाचं तर डोकंच सूर्य. आपल्याकडे रत्नागिरीजवळ उक्षीला कसा हत्तीएवढा हत्ती आहे, तसं अवाढव्य काही नाही, बरंचसं बारीक काम, त्यामुळे घाईत बघाल तर "हे एवढंच?" म्हणून परत याल. ऊनपाऊस, बर्फ, शेवाळ, आम्लपाऊस यांपासून जपायला 1984 साली अख्ख्या कातळावर काचेची इमारत बांधलीय, खरं सांगायचं तर बाहेरून नर्सरीच्या शेडसारखी दिसते, पण आत शिरलं की आपोआप आवाज खाली येतो.

फोटो, व्हिडिओ पूर्ण बंद. बाबा चिडलेच, सकाळपासून व्हॉट्सॲपवर नुसता मारा चालला होता त्यांचा. आई म्हणाली, "अहो, गाभाऱ्यात काढता का तुम्ही फोटो?" बरोबरच आहे, इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांची ही आजही पवित्र जागा आहे, ते हिला शिकवणारे खडक म्हणतात. मग फोन खिशात गेला आणि बाबा वीसेक मिनिटं कठड्याला टेकून हवेत बोटाने कासव गिरवत बसले. कातळाच्या भेगांखालून पाणी वाहतं, कान दिला तर बारीक आवाज येतो, आम्हाला आला.

जवळच मॅकगिनिस तळं आहे, वरचं आणि तळाचं पाणी एकमेकांत मिसळत नाही म्हणे, रंग असा हिरवानिळा की आईला कोणीतरी काहीतरी ओतलंय असंच वाटलं. पोहायचं नाही हां, नुसतं बघायचं. जूनमध्ये डास फार, आणि खायला आत काही मिळत नाही, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या म्हणून निभावलं. राहायची सोय नाही, हिवाळ्यात बंद असतं. एक स्टार कापला तो दुपारच्या उजेडासाठी, रेषा पुसट दिसतात, शक्यतो सकाळीच जा.

येताना बाबांनी गाडीतूनच गावी मित्राला फोन लावला, "काय रे, त्या बारसूच्या चित्रावरनं गुरं जातात का अजून?"