लॉन बुटकं कापावं की उंच ठेवावं?
२.५ सेंटीमीटरवर कापलेलं लॉन गालिच्यासारखं दिसतं, यात वाद नाही. पण ते रूप टिकवायचं तर वाढीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवावा लागतो, आणि जमीनही सपाट हवी. जरा उंचवटा आला की पातं थेट बुंध्याला लागतं, तिथे पिवळट टक्कल पडतं. हरळीसारखं आडवं पसरणारं गवत हे सोसतं. झुपक्याने वाढणारं टॉल फेस्क्यू गवत नाही.

७ सेंटीमीटरचं लॉन थोडं विस्कटलेलं वाटेल. मात्र मुळं खोल जातात, माती झाकलेली राहून ओल टिकते, आणि उजेडाअभावी तणाचं बी कमी रुजतं. झाडाखालच्या सावलीत तर गवत उंचच बरं. माझं मत इकडेच झुकतं.

उंची कोणतीही ठरवा, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका; ७ सेंटीमीटर राखायचे तर १०.५ च्या पुढे वाढू देऊ नका. मोअरवरच्या उंचीच्या १ ते ५ आकड्यांवरही विसंबू नका, त्या नुसत्या खाचा, सेंटीमीटर नव्हेत. मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची वायर किंवा बॅटरी काढा, मशीन फरशीवर ठेवा आणि पात्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा.