व्हॉट्सॅपचं फॉरवर्ड बटण : ५ पैकी साडेतीन स्टार

अख्ख्या अॅपचा रिव्ह्यू सगळेच करतात, मी फक्त एका बटणाचा करतोय. कारण सरकारची झोप उडवली असेल तर ती याच बटणाने.

आधी हे बटण मोकाट होतं, मेसेज धरायचा आणि सापडेल त्या सगळ्या चॅटमध्ये ढकलायचा. आता एका वेळी पाच. ही पाचाची मर्यादा भारतात जुलै २०१८ मध्ये आली, बाकी जगाला जानेवारी २०१९ मध्ये, आणि का आली ते आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी विसरायला नको. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा गावोगाव पोचलेली होतीच, त्यात भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने धरले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. त्यानंतर दिल्लीहून कंपनीला खरमरीत पत्र गेलं, पेपरात पानपानभर जाहिराती आल्या आणि मग हे पाच.

वापरायला कसं आहे? बरं आहे, खरंच. 'फॉरवर्डेड' असं लिहून येतं म्हणजे काकांनी स्वतः टाइप केलेलं नाही एवढं तरी कळतं. फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण येतात आणि तो एका वेळी एकाच चॅटला जातो, ही एका चॅटची अट एप्रिल २०२० पासून, कोरोनात काढे आणि रामबाण उपाय यांचा पूर आला होता तेव्हा. पण कॉपी करून पेस्ट केलं की लेबलही गेलं, बाणही गेले, मेसेज कोरा करकरीत! आणि पाच म्हणजे थोडे वाटतात ना, तर तेव्हा ग्रुपमध्ये २५६ जण मावायचे, आता १०२४ मावतात, नवा मेसेज पाच भरलेल्या ग्रुपांत टाकला की झाले पाच हजारांवर लोक.

आता सरकारी बाजू, इथे मला जरा हसू येतं. आधी अॅडमिनला धरून बघितलं, तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की मेंबरने काही घाण टाकली म्हणून, अॅडमिनचा त्यात हात नसेल तर, त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. त्याच वर्षी आयटी नियमांत कलम आलं, कोर्टाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने मागितलं तर मेसेज पहिल्यांदा कोणी टाकला ते कंपनीने शोधून द्यायचं. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि २०२४ मध्ये तिच्या वकिलाने तिथे सरळ सांगून टाकलं, एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, ते तोडायला लावलंत तर आम्ही निघालो.

पण पहिला माणूस सापडून होणार काय हो? २०१८ मध्ये फिरत असलेला मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीतला होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला. म्हणजे शोधत गेलं तर सापडणार मुलांना जपा म्हणणारी माणसं. (नियमात यावरही तोड आहे, मूळ परदेशी असेल तर भारतात ज्याने पहिल्यांदा टाकलं तोच पहिला धरायचा.) १८५७ च्या सुरुवातीला गावोगाव चपात्या फिरत होत्या तेव्हा इंग्रज अधिकारीही हेच विचारत होते, कोणी पाठवल्या, कशासाठी? धड उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. पोहोचवणाऱ्या चौकीदारालाच माहीत नव्हतं!

त्यामुळे माझं मत, वेग कमी करणारं बटण ठेवा, पहिल्याला पकडणारं नको. लेबल आणि बाण यांचे पूर्ण मार्क. एक स्टार कॉपी-पेस्टच्या भोकासाठी कापला. उरलेला अर्धा भिंगासाठी, २०२० मध्ये दोन बाणवाल्या मेसेजशेजारी भिंगाचं चिन्ह आणलं होतं, दाबलं की तो मजकूर थेट नेटवर शोधता यायचा, पण सुरुवातीच्या देशांच्या यादीत ब्राझील, इटली, आयर्लंड, मेक्सिको सगळे होते आणि भारत नव्हता.