कुकी कटरचा संच : आकार ओव्हनमधून तसाच बाहेर येतो का?

कुकी कटर घेताना बहुतेकांचे लक्ष आधी आकाराकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु घरी कुकी भाजणाऱ्याने सर्वप्रथम पाहायला हवी ती कटरची धार, आणि त्यानंतर त्या आकारातील सर्वांत अरुंद भाग. मी वापरत असलेल्या संचात पाठीवर त्रिकोणी पाती असलेला डायनासोर, जिराफ, रॉकेट, हत्ती, मांजर आणि चंद्रकोर असे स्टेनलेस स्टीलचे सहा कटर आहेत. शिवाय स्प्रिंगचा दांडा दाबून ठसा उमटवणारे प्लॅस्टिकचे तीन प्राणी आहेत. दोन्ही प्रकारांची गुणवत्ता इतकी वेगळी आहे की संपूर्ण संचाला एकच शेरा देणे योग्य होणार नाही.

स्टीलचे कटर उत्तम आहेत. वरची कड दुमडलेली असल्याने तळहाताला रुतत नाही आणि खालची कड पातळ असल्याने पीठ दाबले न जाता स्वच्छ कापले जाते. उंची पुरेशी असल्यामुळे जाडसर पोळीही तळव्याला चिकटत नाही. मात्र आकारांची निवड सर्वत्र सारख्याच विचाराने केलेली दिसत नाही. जिराफाची मान पेन्सिलीएवढी अरुंद आहे, त्यामुळे धड पिवळसर असतानाच मान तांबूस होऊ लागते, आणि कापलेला जिराफ उचलून ट्रेवर ठेवताना ती हमखास लांबते किंवा तुटते. यावर एक खात्रीचा उपाय आहे : पीठ बटर पेपरवरच लाटावे, कटर पुरेशा अंतरावर दाबावेत आणि जिराफाला हात न लावता त्याच्या भोवतीचे पीठ काढून घेऊन कागदच ट्रेवर सरकवावा. असे केल्यास मान सरळ राहते. डायनासोरच्या पात्यांमधील खाचांत मात्र पीठ अडकतेच, म्हणून प्रत्येक वेळी कटर कोरड्या मैद्यात बुडवून झटकावा लागतो.

कटर कितीही चांगला असला तरी पीठ चुकीचे असेल तर हत्तीची सोंड आणि पाय एकमेकांत मिसळून जातात. अशा कुकींसाठी वजनाने एक भाग पिठीसाखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा हे जुने, भरवशाचे प्रमाण मला सर्वांत योग्य वाटते; म्हणजे १०० ग्रॅम साखरेला २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर अजिबात घालू नये, आणि बटर-साखर एकजीव होण्यापुरतीच फेटावी, कारण जास्त फेटल्याने आत शिरलेली हवा उष्णतेने प्रसरण पावते व कडा फुगतात. बटर शरीराच्या तापमानाच्या आसपासच वितळते, म्हणजे कुकीची कड पक्की होण्याच्या बरेच आधी. म्हणून पोळी लाटून झाल्यावर आणि आकार कापल्यावर, असे दोन्ही वेळा पीठ फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करणे आवश्यक आहे. पोळीची जाडी ५ मिलिमीटर आणि ओव्हनचे तापमान १७५ अंश सेल्सिअस ठेवल्यास साधारण १० ते १२ मिनिटांत कुकी होतात. रुंद हत्ती आणि सडपातळ जिराफ मात्र एकाच ट्रेमध्ये भाजू नयेत.

उरलेले तुकडे गोळा करून पुन्हा लाटले की मैद्यातील ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) ताणले जाते आणि भाजताना कुकी आक्रसते. रॉकेटमध्ये हे लगेच लक्षात येते, कारण ते आखूड व बुटके दिसू लागते. त्यामुळे दुसऱ्या लाटणीचे पीठ मी चंद्रकोरीसाठीच वापरते; त्या आकारात थोडा फरक पडला तरी शोभा जात नाही.

प्लॅस्टिकच्या ठशांबद्दल मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. त्यांची कड बोथट असल्याने पीठ कापले जाण्याऐवजी चेपले जाते आणि कुकीची बाजू गोलसर होते. थंडगार पिठावर डोळे, कान, मिशा सुरेख उमटतात, लहान मुलांना त्याचा विशेष आनंद होतो, आणि वर सांगितलेल्या पिठात हे बारकावे भाजल्यानंतरही टिकतात, हे मान्य करायला हवे. पण स्प्रिंगचा भाग उघडता येत नाही आणि दांड्याच्या कडेला शिरलेले बटर व पीठ ब्रशनेही पूर्ण निघत नाही. खाद्यपदार्थासाठी बनवलेल्या वस्तूत ही त्रुटी गंभीर आहे, आणि निर्मात्याने तिचा विचार करायलाच हवा होता.

स्टीलच्या कटरची स्वच्छता त्या मानाने सोपी आहे. फक्त जिथे पट्टीची दोन टोके जोडलेली आहेत, तिथे पाणी साचते. धुतल्यावर कटर पुसून, बंद केलेल्या पण अजून कोमट असलेल्या ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवले की तो सांधाही कोरडा होतो. ठेवताना त्यांवर जड भांडी येऊ देऊ नयेत, कारण पातळ पत्रा सहज वाकतो, आणि त्यातही पहिली वाकते ती जिराफाची मान. अर्थात ती बोटांनी हलकेच दाबून पुन्हा सरळ करता येते. हे सहा कटर सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्यावेत, प्लॅस्टिकच्या ठशांसाठी अधिक पैसे मोजू नयेत.